‘सेफ’ एवढंच लिहा ना, मॅडम!

वनौषधींची विषारीपणाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. लग्नात, बारशाला, कुठेही ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग काय, झाडपाल्याची औषधं घ्यावीत की नाही?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, कारण झाडपाला नावाचं एकच एक औषध जगात नाही. सह्याद्रीत ज्या झुडपावर गुळवेल चढते, त्याच्याच शेजारी कळलावी फुलते. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असतं. गाऊटच्या रुग्णाला डॉक्टर ते अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत मोजून देतात, आणि तोच कंद रताळं समजून खाणारा माणूस वाचेलच असं सांगता येत नाही.

तेव्हा सरसकट निकाल बाजूला ठेवून काही अनुभव सांगते. या कामात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना ते उपयोगी पडतील, आणि घरी सकाळी काढा उकळणाऱ्यांनाही.

१. आधी झाड धरा, मग उंदीर

प्रयोगशाळेत येणारे बहुतेक नमुने भुकटी होऊन येतात. प्लास्टिकची पिशवी, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव, बस्स. मी अशी पिशवी परत पाठवायचे. अख्खी फांदी आणा, फुलाफळासकट आणा, कुठून आणि कधी तोडली ते लिहून आणा. मग ती दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवून मुंबईत सेंट झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये किंवा पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात ओळख पटवून घ्यायची. पुरवठादार कुरकुरायचे, ‘मॅडम, तीस वर्षं हाच माल देतोय.’ तीस वर्षं देतोय हे खरं असेल. माल कोणता, एवढंच बघायचं होतं.

काष्ठौषधींच्या दुकानात अशोकाची साल मागितली, तर सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या उंच, सरळसोट झाडाची साल हातात पडू शकते. सीता-अशोकाशी तिचा संबंध नाही. नागकेशर मागितलं तर सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या येतात. अशा अदलाबदलीत बहुधा गुण येत नाही आणि पैसे जातात, एवढंच. ब्रुसेल्समध्ये मात्र मूत्रपिंडं गेली.

१९९० च्या सुमारास तिथल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात गोळ्यांचा फॉर्म्युला बदलून त्यात दोन चिनी वनस्पती घातल्या गेल्या. थोड्याच काळात तिथल्या तरुण, एरवी धडधाकट बायकांची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होऊ लागली. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये पहिला अहवाल आला, आणि पुढे रुग्णांची संख्या शंभराच्या वर गेली. स्टेफानियाच्या नावाखाली ॲरिस्टोलोकियाचं मूळ आलं होतं. चिनी बाजारात दोन्हींची नावं एकमेकांच्या फार जवळची आहेत. काही वर्षांनंतर यांतल्या बऱ्याच बायकांच्या मूत्रमार्गात कर्करोगही सापडला. ॲरिस्टोलोकिक आम्ल आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेल्या पदार्थांत.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडची सापसंद त्याच प्रजातीतली वेल आहे, आणि सर्पदंशावर तिचं मूळ उगाळून देणारे लोक अजून आहेत.

२. मूळ म्हणजे मूळ

अश्वगंधेचं मूळ वापरायची परंपरा आहे. पण पान स्वस्त पडतं आणि अर्क काढणाऱ्याला पानात विथाफेरिन-ए हा घटक जास्त मिळतो. मग मुळाच्या हजारो वर्षांच्या पुण्याईवर पानाचा अर्क विकला जातो. जी परंपरा पुरावा म्हणून दाखवायची, ती जशीच्या तशी पाळलीही पाहिजे : तोच भाग, तोच ऋतू, तीच मात्रा. यातलं एक बदललं की परंपरेचा दाखला बाद आणि तपासणी पहिल्यापासून सुरू.

३. शोधनाची पायरी गाळू नका

या मुद्द्यावर वैद्य आणि प्रयोगशाळावाले एकमेकांवर चिडतात, आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं.

बचनाग घ्या. कच्च्या मुळात ॲकोनिटिन असतं. जिभेला मुंग्या, ओठ बधिर, मग हृदयाचे ठोके वेडेवाकडे. तरीही बचनाग त्रिभुवनकीर्तीमध्ये असतो, आणि ती गोळी महाराष्ट्रात कित्येक घरांत तापावर घेतली गेली आहे. मधली पायरी असते शोधनाची. मुळाचे तुकडे गोमूत्रात तीन दिवस भिजवायचे, गोमूत्र रोज बदलायचं, किंवा दुधात शिजवायचे. या प्रक्रियेत ॲकोनिटिनचं विघटन होऊन त्याची कितीतरी सौम्य रूपं तयार होतात. रसायनशास्त्राला हे विसाव्या शतकात दाखवता आलं. वैद्यांना रसायन ठाऊक नव्हतं, परिणाम ठाऊक होता.

आता आमच्या बाजूचा घोळ. एखादा विद्यार्थी बाजारातून कच्चं मूळ आणतो, अल्कोहोलमध्ये अर्क काढतो, उंदरांना देतो, उंदीर मरतात, आणि ‘आयुर्वेदिक औषध विषारी’ असा शोधनिबंध निघतो. जे औषध कुणी वैद्य देतच नाही, त्याची ही तपासणी. उलट बाजूचा घोळही तितकाच वाईट. कारखान्याच्या कागदावर ‘शोधित’ लिहिलेलं असतं. गोमूत्र किती वेळा बदललं, तुकडे किती जाड होते, शेवटी ॲकोनिटिन किती उरलं, याची नोंद मागितली की शांतता. शोधनावर श्रद्धा असेल तर ते मोजून दाखवायला हरकत काय?

बिब्ब्याचं तेच. ‘बिब्बा उतला’ म्हणजे काय होतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको. आमच्याकडे नुसती पोती उतरवणाऱ्या मदतनिसाच्या हातावर फोड आले होते. देठाकडची टोपी काढून, फळं विटेच्या चुऱ्यात घासून तेल शोषून घेण्याची जुनी रीत आहे. ती करताना हातमोजे घाला, आणि तो चुरा कचऱ्यात उघडा टाकू नका. नंतर झाडणाऱ्या बाईला तो उततो. गोडंबी मात्र लाडवात घालून खाल्ली जाते. फळ तेच, भाग वेगळा.

धोतरा, गुंज, कण्हेर, जमालगोटा, काजरा, बचनाग, बिब्बा असल्या द्रव्यांची वेगळी यादी आपल्या औषध नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टात आहे. त्यांतलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. ती फार बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचा.

४. उंदीर चौदा दिवस जगला, पुढे?

सगळ्यात जास्त विकली जाणारी तपासणी म्हणजे तीव्र विषारीपणाची. १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने निम्मे प्राणी मरतील तो डोस काढायची पद्धत घातली. तिच्यात प्राणी फार लागत. चाचण्यांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या ओईसीडीने ती २००२ मध्ये आपल्या यादीतून काढून टाकली. आता तीन-तीन उंदरांच्या तुकड्यांवर टप्प्याटप्प्याने डोस देतात, वरची मर्यादा किलोमागे २,००० मिलिग्रॅम, आणि चौदा दिवस निरीक्षण. उंदीर मेले नाहीत की लगेच माहितीपत्रकावर ‘२,००० मिग्रॅपर्यंत पूर्ण सुरक्षित’.

या तपासणीतून कळतं ते इतकंच की एका डोसाने जनावर लगेच मरत नाही. ब्रुसेल्सच्या त्या गोळ्या घेऊनही चौदा दिवसांत कुणी मेलं नव्हतं.

हळू विषं यकृताची वाट धरतात, मूत्रपिंडाची धरतात, कधी थेट पेशीतल्या डीएनएची. १९७० च्या दशकात सरगुजा भागात (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) माणसांची पोटं पाण्याने फुगू लागली, यकृतं बिघडली, बरेच जण दगावले. शोध घेतल्यावर त्यांच्या गोंदली या धान्यात खुळखुळ्याच्या जातीतल्या एका रानझाडाचं बी मिसळलेलं सापडलं. त्यातली पायरोलिझिडिन अल्कलॉइडं यकृतातल्या बारीक शिरा बुजवतात. रोज थोडंथोडं पोटात जात होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच सुमाराला अफगाणिस्तानात गव्हात मिसळलेल्या दुसऱ्या एका तणाने हेच केलं.

म्हणून जे औषध माणसं महिनोन्‌महिने घेणार, त्याची नव्वद दिवसांची तपासणी हवी. रोज डोस, दर आठवड्याला वजन, शेवटी रक्त, आणि मग प्रत्येक अवयवाच्या स्लाइड. यात पैसे लागतात, प्राण्यांच्या नैतिक समितीची परवानगी लागते, आणि स्लाइड बघायला चांगला पॅथॉलॉजिस्ट लागतो. तो सगळ्यात दुर्मीळ.

डोसाचा हिशेब कसा घालतात हेही सांगते, कारण यात चलाखी करता येते. साठ किलोचा माणूस रोज तीन ग्रॅम चूर्ण घेत असेल, तर किलोमागे ५० मिलिग्रॅम झाले. उंदराचं शरीर लहान, चयापचय वेगवान, म्हणून त्याला ६.२ ने गुणतात : ३१० मिलिग्रॅम. हा झाला माणसाच्या मात्रेइतका डोस. सुरक्षितता बघायची तर याच्या पाचपट, दहापट डोसही द्यावा लागतो. काही अहवालांत उंदराला सरळ ५० मिलिग्रॅम दिलेले असतात. म्हणजे माणसाच्या मात्रेचा सहावा हिस्सा देऊन ‘काही झालं नाही’ असा निर्वाळा! अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा हा गुणाकार करून बघते. निष्कर्ष नंतर वाचते.

५. परीक्षानळीला फार घाबरू नका, फार भुलूही नका

एम्स टेस्ट नावाची एक तपासणी आहे. साल्मोनेलाच्या खास जाती घेऊन एखादा पदार्थ त्यांच्यात जनुकीय बदल घडवतो का ते बघतात. दिल्लीच्या एम्सशी तिचा संबंध नाही; ब्रूस एम्स या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावाची आहे. तिच्यात क्वेर्सेटिन ‘दोषी’ ठरतं, आणि क्वेर्सेटिन तर आपल्या कांद्यात आहे. शिवाय या जीवाणूंना वाढायला हिस्टिडिन लागतं, वनस्पतीच्या अर्कात ते आयतं मिळालं तर वसाहती उगाच वाढतात, जनुकीय बदल घडल्यासारखं दिसतं आणि नवशिका हादरतो. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाच्या इवल्याशा पिल्लांवरची चाचणी स्वस्त आणि एका दिवसात होते. चाळणी म्हणून छान. तिच्यावर पीएचडी मिळते, औषधाला परवानगी मिळू नये.

६. पोत्यातलं बाकीचं

भुईआवळा उत्तम, पण हायवेच्या कडेने उपटलेला असेल तर? मुळ्या डांबरी रस्त्यावर वाळत घातल्या असतील, पावसात भिजून पोत्यात बुरशी धरली असेल तर? वनस्पती निर्दोष असते आणि औषध सदोष निघतं. २००४ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी आली. १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आपल्याकडे फार आरडाओरड झाली, त्यातली काही रास्त होती, कारण धातू-खनिजांपासूनच्या रसौषधी आणि साध्या वनौषधी एकाच टोपलीत मोजल्या गेल्या होत्या. पण त्यानंतरच, १ जानेवारी २००६ पासून, निर्यात होणाऱ्या वनौषधींची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली. शिसं दहा लाखांत १० भाग, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. या मर्यादा परदेशी गिऱ्हाइकासाठी आधी आल्या, हे मला आजही खटकतं.

७. गुळवेलीचं भांडण

करोनाच्या काळात गुळवेल घरोघर पोहोचली. कुणी गच्चीतली तोडली, कुणी मॉर्निंग वॉकला दिसलेल्या कुंपणावरची, कुणी बाटलीतला रस आणला. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला : गुळवेल घेतल्यावर कावीळ, आणि यकृतात ऑटोइम्यून आजारासारखी सूज. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही सारखी दिसणारी दुसरी जात असू शकते. २०२२ मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या, देशभरातल्या तेरा केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला.

टीव्हीवर याची आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी अशी कुस्ती झाली. मला दोन्ही बाजूंना एकच विचारायचं होतं : काडी कुठे आहे? रुग्णाने घेतलेली काडी कुणी जपून ठेवली, तर ओळखीचा वाद एका दुपारी मिटतो. ओळखीचा आक्षेप रास्तच होता, पण तो घेऊन थांबायचं नसतं, पुढे जाऊन नमुने गोळा करायचे असतात. आणि समजा ओळख पटली, खरी गुळवेलच निघाली, तर? माझं मत स्पष्ट आहे. प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू, जिची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उलटलेली आहे अशा व्यक्तीला त्रास देऊ शकते, यात आयुर्वेदाचा अपमान कुठे आला? प्रकृती बघून औषध द्यायचं हे आयुर्वेदच सांगतो. व्हॉट्सॲपवरचा मेसेज प्रकृती बघत नाही.

असा विरळा त्रास उंदरांत दिसत नाही. हजारो, लाखो माणसांनी औषध घेतल्यावरच तो वर येतो. सर्पगंधेचंही तसंच झालं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि सर्पगंधा जगभर गेली. ती मोठ्या प्रमाणावर वापरात आल्यावर काही रुग्णांमध्ये नैराश्य आढळू लागलं, आणि डॉक्टर मात्रेबद्दल सावध झाले. औषध टाकून दिलं नाही, वापरायला शिकले.

८. ‘औषध घेता का?’ असं विचारू नका

कारण उत्तर ‘नाही’ येतं. काढा, चूर्ण, मेथीचं पाणी, कारल्याचा रस ही आपल्या लोकांच्या हिशेबी औषधं नाहीतच. मी शिकलेला प्रश्न असा : ‘काकू, सकाळी उठल्यापासून नाष्ट्यापर्यंत पोटात काय काय जातं?’ मग यादी सुरू होते आणि थांबत नाही.

त्या यादीत मधुमेहाची गोळी आणि कारल्याचा रस शेजारीशेजारी असतात, साखर दोघांमुळे उतरते आणि अकरा वाजता चक्कर येते. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्याचा रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. मिरीतलं पायपरिन इतर औषधं रक्तात जास्त पोहोचवतं. त्रिकटूत मिरी-पिंपळी असते ती काही उगाच नाही. जम्मूच्या सीएसआयआर प्रयोगशाळेने याच गुणावर क्षयाची गोळी बनवली, ज्यात पायपरिनच्या जोडीने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम पुरते. जो गुण क्षयात मदत करतो तोच रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर अंगावर येऊ शकतो.

९. भाजी आहे म्हणून

दुध्याचा रस हे उदाहरण पुरे. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुध्याचा रस प्यायल्याने एका व्यक्तीचा मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने समिती नेमली. सल्ला साधा होता : रस कडू लागला तर पिऊ नका, फेकून द्या. कडवटपणा कुकुर्बिटासिनचा असतो. औषध कडूच असायचं, या समजुतीने लोक नाक दाबून पितात. आपल्या आया-आज्या दुधी चिरताना एक फोड जिभेला लावून बघायच्या. विषशास्त्रातली ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि मिक्सर आल्यावर ती बंद पडली.

१०. अहवालातलं वाक्य

उत्पादक समोर बसतो, चहा घेतो आणि म्हणतो, ‘बाकी सगळं राहू द्या हो, फक्त सेफ एवढंच लिहा ना, मॅडम!’ मी कधी लिहिलं नाही. मी लिहायचे ते वाक्य लांबलचक असे : अमुक ठिकाणची, अमुक महिन्यात तोडलेली, अमुक भागाची, पाण्यात अर्क काढलेली ही बॅच, या मात्रेत, इतके दिवस, या जातीच्या उंदरांना दिली असता तपासलेल्या अवयवांत बदल आढळला नाही. गरोदरपणाची तपासणी केलेली नाही. लहान मुलांत वापराबद्दल या अहवालातून काही सांगता येत नाही. हे वाक्य जाहिरातीत बसत नाही, म्हणून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू द्यावीत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकरांनी आयुर्वेद संशोधन केंद्र चालवलं, तेव्हा वैद्य आणि फार्माकॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसून भांडत. या विषयाला तसल्या टेबलाची गरज आहे. एकमेकांच्या पाठीमागे बोलून काही तपासलं जात नाही.

११. तुमच्याकडून हवं आहे ते

प्रयोगशाळा संपते तिथे तुमचं काम सुरू होतं. काढ्यासाठी वेल आणली, तर तिचा एक तुकडा पानासकट वर्तमानपत्रात दाबून, तारीख घालून ठेवा. बाटली संपेपर्यंत तिचं लेबल फाडू नका, बॅच नंबर त्यावरच असतो. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना लाजेकाजेस्तव काही लपवू नका. आयुष औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी देशात सरकारी यंत्रणा आहे, २०१८ पासून दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे तिचं राष्ट्रीय केंद्र आहे. नोंद रुग्णही करू शकतो, त्यासाठी दोष सिद्ध करावा लागत नाही, संशय पुरतो. आपल्या वैद्यांकडे किंवा जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाकडे फॉर्म मागा, आणि भरून द्या.